पुलावरची पोती

ओढा साफ करायचा, हे टाचणीच्या डोक्यातून निघालं. टाचणी म्हणजे शिंपीणबाईंची मुलगी. वय एकोणीस, अंगाने काटकुळी आणि तोंड उघडलं की टोचणारच, म्हणून गावाने तिला हे नाव दिलं होतं. मी तिची मैत्रीण, बेकरीवाल्याची मुलगी. उंचीला कमी असल्यामुळे दोन्ही अर्थांनी लोक मला 'पाव' म्हणायचे.

शिंपीणबाईंची खोली खालच्या गल्लीत, रस्त्यापासून दोन पायऱ्या उतरून. आदल्या वर्षी ओढ्याला पाणी आलं तेव्हा ते पुलापाशी तुंबलं, उलटं फिरलं आणि सरळ त्या खोलीत शिरलं. शिलाई मशीनच्या पायडलपर्यंत चढलं. शाळेच्या गणवेशासाठी आणलेला कापडाचा अख्खा गठ्ठा चिखलात भिजला. भिंतीवर अजून त्या पाण्याची तपकिरी रेघ आहे. टाचणीची आई आठवडाभर ते कापड धूत होती आणि वास काही जात नव्हता. शेवटी तिने सगळं नवं कापड स्वतःच्या पदराला खार लावून आणलं.

तेव्हा गावसमितीचे अध्यक्ष येऊन दारातूनच म्हणाले होते, "निसर्गापुढे कोणाचं चालतं, ताई?"

निसर्ग! पुलाखालच्या तिन्ही मोऱ्या प्लास्टिकने ठासून भरल्या होत्या. निसर्गाने काय रात्रीतून बाळांचे डायपर विणले होते?

टाचणीने ते ऐकून घेतलं. पण पाणी ओसरून ओढा पुन्हा कोरडा पडल्यावर तिने आम्हाला जमवलं. आम्ही अकरा जण होतो, सोळा ते वीस वयाचे. त्यात वेल्डरचा मुलगा होता, ज्याला सगळे 'गुपचूप' म्हणायचे, कारण तो झोपेतसुद्धा गप्प बसत नसे. चार रविवार आम्ही त्या ओढ्यात उतरलो. फावडी, पंजे आणि दवाखान्यातल्या नर्सताईंनी दिलेले जाड हातमोजे. पोती माझ्या बाबांच्या बेकरीतली, मैद्याची, निळी ओंबी छापलेली.

दुसऱ्याच्या कचऱ्यात हात घातला की गाव ओळखीचं होतं. केशकर्तनालयातले केस, पिशवीत भरून वर छान गाठ मारलेले. औषधांच्या बाटल्या. एक अख्खी गादी, पाणी पिऊन इतकी जड झालेली की ती बाहेर काढायला सात जण लागले. आणि अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे, शेकड्यांनी, लगदा झालेले. गुपचूप ओरडला, "अंडी एवढी कोण खातं रे?" मी खाली मान घालून ते भरत राहिले. गावात एवढी अंडी एकाच ठिकाणी फुटतात, आमच्या बेकरीत. त्या रात्री मी बाबांशी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी ते स्वतःहून म्हणाले, "यापुढे ट्रे परत घ्यायला सांगतो अंडीवाल्याला." एवढंच. पण ते म्हणाले.

चौथ्या रविवारी दोनशे बारा पोती झाली. टाचणीची आई रोज संध्याकाळी पुलावर येऊन बसायची आणि वाकड्या सुईने, जाड लाल दोऱ्याने पोत्यांची तोंडं शिवायची. "उघडं ठेवलं तर कुत्री परत पसरवतील," म्हणायची. तिच्या बोटांना घट्टे पडले. पण टाके बघावेत तर काय सरळ! कचऱ्याच्या पोत्यालाही तिने वेडावाकडा टाका घातला नाही.

मग अध्यक्ष आले. सोबत कारकून, कॅमेरावाला आणि पांढऱ्या टोप्या घातलेले दोन सदस्य. अध्यक्षांनी हातमोजे घातले, एक पोतं उचलल्यासारखं केलं, फोटो झाला, हातमोजे काढले. भाषणात 'तरुण रक्त' सहा वेळा आलं. गुपचूप मोजत होता. आम्हाला प्रमाणपत्रं मिळाली. पोती समितीच्या ट्रॅक्टरने शहराजवळच्या कचरा प्रक्रिया केंद्रावर जाणार होती, तीस किलोमीटरवर. ट्रॅक्टर चालवणारे म्हणजे टाचणीचे सख्खे मामा. मामांनी पहिली खेप भरली आणि भाचीला डोळा मारला. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा. आठवलं की अजून हात जळतात.

तीन आठवड्यांनी गुपचूपने बातमी आणली. गावाच्या वर, टेकडीला, दगडाची जुनी बंद पडलेली खाण आहे. तिच्याकडून धूर येतोय आणि वास असा की शेळ्या त्या बाजूला जाईनात.

टाचणी आणि मी चढून गेलो. खाणीच्या काठावर उभं राहिलो. खाली आमची पोती पडली होती. निळ्या ओंब्या, लाल टाके. काही फुटलेली, काही अर्धी जळून काळी पडलेली, काही कुणी उघडलेलीसुद्धा नव्हती, जशी शिवली तशीच. एका बाजूने ती गादी डोकावत होती.

आणि ओढा उगम पावतो तो याच खाणीच्या पायथ्याशी. म्हणजे आम्ही ओढ्याच्या खालच्या टोकाला चार रविवार कमरा मोडून घेतल्या आणि यांनी तोच माल नेऊन वरच्या टोकाला ठेवला. पाणी आलं की आपोआप खाली. परत मोऱ्यांत. परत शिंपीणबाईंच्या खोलीत.

 टाचणी एवढंच म्हणाली, "आईचे टाके आहेत ते."

आम्ही उतरलो ते थेट मामांच्या घरी. मामा ओसरीवर बसून ट्रॅक्टरचा फिल्टर रॉकेलमध्ये धूत होते.

"मामा, पोती कुठे टाकलीत?"

मामांनी मान वर केली नाही. "सांगितलं तिथे."

"कोणी सांगितलं?"

"मला सांगणारे किती जण आहेत? अध्यक्षांनी. डिझेल दिलं ते खाणीपर्यंत जाण्याइतकं. म्हणाले, आत्ता वर टाक, पुढचं पुढे बघू."

"आणि तुम्ही टाकलीत! आईने शिवलेली पोती होती ती. तुमच्या बहिणीने."

मामांनी फिल्टर बादलीत आपटला. रॉकेल माझ्या पायावर उडालं. "हे बघ," मामा उभे राहिले, "तुम्ही पोरांनी चार रविवार घाण उचललीत. मी बारा वर्षं उचलतोय, रोज. या गावातल्या प्रत्येक घराची. मला एक हातमोजा मिळाला नाही आजवर. माझा फोटो काढला कुणी? मला दिलं प्रमाणपत्र? आणि आता तू आलीस मला शिकवायला!"

  मामांचं म्हणणं खोटं नव्हतं. चौथ्या रविवारी आम्ही पुलावर चहा प्यायलो, तेव्हा मामा ट्रॅक्टरवर बसून वाट बघत होते. त्यांना कुणी कप दिला होता का, ते मला आठवेना.

"मामा," टाचणी म्हणाली, आवाज खाली आला होता, "तुमचं खरं आहे. पण मग चीड त्यांची यायला हवी ना, आमची कशाला?"

मामा परत खाली बसले. "चीड येऊन काय करू? नोकरी त्यांच्या हातात."

दुसऱ्या दिवशी आम्ही समितीच्या कार्यालयात गेलो. कारकुनाने आम्हाला दीड तास बाकावर बसवलं. भिंतीवर आमचाच मोठा फोटो लावला होता, पोत्यांपुढे उभे असलेले अध्यक्ष आणि मागे आम्ही दात काढून हसतोय. त्याच्याखाली फलक: 'स्वच्छ गाव पुरस्कार – मंगळवारी तपासणी'.

अध्यक्षांनी आम्हाला आत बोलावलं, खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. त्यांचा आवाज नेहमी तुपातला. "बाळांनो, खाणीतली व्यवस्था तात्पुरती आहे. कागदावर सगळं नीट झालेलं आहे."

"कागदावर काय झालंय?" टाचणीने विचारलं.

"विल्हेवाट. प्रक्रिया केंद्रावर."

"पण पोती तर खाणीत आहेत!"

"म्हणूनच म्हणतो, तात्पुरती." ते हसले. "मंगळवारी तपासणी आहे. पुरस्कार मिळाला तर गावाचंच नाव होईल. आत्ता आरडाओरडा केलात तर बदनामी कुणाची? गावाची. आणि," ते जरा पुढे वाकले, "ट्रॅक्टर तुझे मामा चालवतात. खाणीत कचरा टाकणं हा गुन्हा आहे. पोती कुणी टाकली, याची चौकशी लागली तर त्यांचं कसं होणार? विचार कर."

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते मला त्या खुर्चीत कळलं. स्वतः हुकूम द्यायचा, स्वतः खोटा कागद करायचा आणि वर गुन्हेगार म्हणून हुकूम ऐकणाऱ्याकडे बोट दाखवायचं. आणि हे सगळं 'बाळांनो' म्हणून!

संध्याकाळपर्यंत आम्ही अकराचे सहा झालो. प्रत्येकाच्या घरी काही ना काही निरोप गेला होता. आमच्याकडेही. अध्यक्षांच्या घरचे सगळे केक आमच्याकडून जातात. बाबा भट्टीपुढे उभे होते, म्हणाले, "पाव, तू यातून अंग काढून घे." मी म्हटलं, "बाबा, अंड्यांचे ट्रे मी काढले हातांनी. तुमचे." ते भट्टीत बघत राहिले. हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत.

टाचणीने फलकावरच्या नंबरवर फोन लावला. तपासणी विभागातल्या माणसाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "खाण आमच्या यादीत नाही. यादीत शाळा, बाजार, दवाखाना, समिती कार्यालय आणि पूल. तपासणीला येणाऱ्या मॅडम त्याबाहेर जात नाहीत."

"पण कचरा त्याबाहेर आहे!"

"यादीत नाही, ताई." त्याने फोन ठेवला.

 आम्ही शिंपीणबाईंच्या खोलीत होतो, जमिनीवर कापडाचे तुकडे पसरलेले, आणि मशीन थांबलेलं. टाचणी भिंतीवरच्या रेघेकडे बघत होती. मग म्हणाली, "पूल आहे ना यादीत?"

"आहे."

"मग पोती पुलावर आणू."

"परत?" गुपचूप म्हणाला. "अगं, जी खाली उतरवायला नको म्हणून एवढी बोंब, तीच आपण उतरवायची?"

"ओढ्यात नाही. पुलावर. कठड्याला लावून. ती बाई खाणीत येत नाही ना? मग खाण तिच्याकडे जाईल."

तिची आई एवढा वेळ काजं करत होती. टाचणी तिच्याकडे वळली. "आई, मामाचं..."

आईने दोरा दातांनी तोडला. "माझ्या भावाचं मी बघते. तुम्ही पोती आणा."

मंगळवारी उजाडताच आम्ही सहा जण बेकरीची हातगाडी घेऊन चढलो. मी हातगाडी न विचारता घेतली होती; पण चाकांना कुणीतरी पहाटे तेल घातलं होतं, आणि तेल घालणारा आमच्या घरात एकच माणूस आहे. जळक्या प्लास्टिकचा वास नाकातून डोक्यात जात होता. एका खेपेला पाच पोती. उतारावर गाडी अंगावर येत होती, म्हणून दोघं मागून दोरीने ओढून धरायचो. दहा वाजेपर्यंत अडतीस पोती पुलावर आली. गुपचूपचा तळहात फाटला. रस्त्यावरच्या लोकांनी बघितलं आणि दारं लावून घेतली. केशकर्तनालयवाले काका तर म्हणाले, "पोरांनो, ऐन पुरस्काराच्या दिवशी घाण करता? लाज नाही वाटत?" ज्यांच्या केसांच्या पिशव्या आम्ही काढल्या, ते!

साडेदहाला खालच्या गल्लीतून शिंपीणबाई आल्या. मागे सात-आठ बायका, ज्यांच्या घरात पाणी शिरलं होतं त्या.  त्यांनी वरचा रस्ता धरला आणि दोघींत एक अशी पोती धरून आणायला लागल्या.

अकरा वाजता गाडी आली. तपासणीच्या मॅडम उतरल्या, पन्नाशीच्या, हातात पुठ्ठ्यावर लावलेली यादी. मागोमाग अध्यक्ष. दोन्ही कठड्यांना लागलेली पोती बघून अध्यक्ष एक श्वास थांबले असतील, जास्त नाही. मग चेहरा फुलला.

"बघा मॅडम, हीच आमची तरुण मंडळी! कालच गोळा केलेला कचरा. आज प्रक्रिया केंद्रावर जातोय." आणि त्यांनी खिशातून फोन काढला. "या, या, फोटो घेऊ."

माणूस इतका निर्लज्ज असू शकतो, यावर माझा त्या क्षणापर्यंत विश्वास नव्हता. आम्ही आमच्याच पोत्यांपुढे पुन्हा एकदा त्यांची शोभा वाढवायला उभे होतो.

टाचणीने जळकं पोतं मॅडमच्या पायाशी ओढत आणलं. "कालचं पोतं असं जळतं का, मॅडम? कार्यालयात फोटो लावलाय, तुम्ही आत्ताच बघून आला असाल. त्यातली पोती नीट बघा. लाल टाके आहेत. माझ्या आईचे. ही तीच पोती आहेत. महिन्याभरापूर्वी विल्हेवाट लावलेली."

मॅडमनी वाकून टाका बघितला. मग यादी उलटली आणि मागचा कागद काढला. "दोनशे बारा पोती प्रक्रिया केंद्रावर पोचवली, असं लिहिलंय इथे."

"पोचवलीच आहेत," अध्यक्ष म्हणाले. "मुलं जरा... विचारा आमच्या ड्रायव्हरला." त्यांनी हाक मारली. मामा पुलाच्या टोकाला ट्रॅक्टरपाशी उभे होते. "काय रे, केंद्रावर नेली होतीस ना तू?"

मामांनी आधी अध्यक्षांकडे पाहिलं. मग आमच्या मागे. तिथे त्यांची बहीण एका पोत्याचं टोक धरून उभी होती, कपाळावर काजळी. तिने त्यांना खूण केली नाही, मानही हलवली नाही. नुसती उभी.

"नाही," मामा म्हणाले. "खाणीत टाकली. तुम्ही सांगितलंत म्हणून."

 मॅडमनी खिशातून पेन काढलं आणि विचारलं, "खाण कुठे आहे?"

पुरस्कार शेजारच्या गावाला गेला. इथे गोष्ट संपायला हवी होती, नाही का? खोटं उघडं पडलं, खरं बोलणारे जिंकले. पण पुढच्याच आठवड्यात समितीची बैठक झाली आणि खाणीत बेकायदा कचरा टाकल्याबद्दल एका माणसाला निलंबित केलं. मामांना. चौकशी नेमली. चौकशीचे प्रमुख कोण? अध्यक्ष.

लोकांनी आमच्याशी बोलणं टाकलं. पुरस्काराबरोबर रस्ते होणार होते, दिवे येणार होते, ते आमच्यामुळे गेले म्हणे. शिंपीणबाईंकडचे शाळेचे गणवेश दुसऱ्याकडे गेले. केकची दोन मोठी कामं आमच्याकडून गेली. बाबा त्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. मला वाईट वाटलं नाही म्हणणं खोटं होईल. पण वाईटापेक्षा राग जास्त आला, आणि रागावर माणूस बरेच दिवस चालू शकतो.

मॅडमनी मात्र लेखी आदेश काढला होता: आठ दिवसांत सगळी पोती केंद्रावर. आणि समितीचा तो म्हातारा ट्रॅक्टर मामांशिवाय कुणाला चालू होईना. म्हणून निलंबित माणसाला कारकून घरी बोलवायला गेला! मामा म्हणाले, "येतो. पण हातमोजे घेऊन ये." कारकून गेला आणि घेऊन आला.

पहिल्या खेपेला टाचणी आणि मी मामांच्या दोन बाजूंना चाकावरच्या पत्र्यावर बसून गेलो. तीस किलोमीटर, दोन तास, हाडं खिळखिळी. केंद्राच्या फाटकावर एक पोरगेलासा पहारेकरी होता, हातात जाड वही. त्याने गावाचं नाव विचारलं, वही चाळली, मग ट्रॅक्टरकडे बघितलं.

"तुमच्या गावाचं नाव तर दर महिन्याला येतं इथे, कागदावर," तो म्हणाला. "पण मी चार वर्षं या फाटकावर आहे. तुमची गाडी आज पहिल्यांदाच बघतोय."

म्हणजे आमची दोनशे बाराच नाहीत. प्रत्येक महिन्याचं, प्रत्येक घराचं. सगळं कुठे आहे, ते मामांना माहीत होतं. ते स्टिअरिंग धरून समोर बघत होते आणि त्यांचे कान लाल झाले होते.

"बारा वर्षं," ते हळू म्हणाले. "खाणीच्या तळाशी काय काय आहे, तुला कल्पना नाही, पोरी."

मला वाटलं टाचणी आता फुटणार. तिने खाली उडी मारली आणि पहारेकऱ्यासमोर उभी राहिली.

"दादा, आत्ता जे बोललात ना, ते मला लिहून द्याल? तारीख घालून, सहीसकट."

तो गडबडला. "मला... साहेबांना विचारावं लागेल."

"विचारा. आम्ही थांबतो." तिने हातमोजे चढवले आणि मामांकडे बघितलं. "तोवर पोती उतरवू. मामा, तुम्ही बसा थोडं. आज आम्ही उतरवतो."

मामा बसले नाहीत. ते उतरले, ट्रॉलीचा मागचा फाळका उघडला आणि पहिलं पोतं त्यांनी आणि तिने मिळून धरलं.